‘सायलेन्स’चा कोणता रिमिक्स, किती वाजता? ट्रान्स नव्याने ऐकणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी

ट्रान्स म्हणजे सलग ठेक्यावर लांब सुरावटी चढवत नेणारं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. त्याच्या वाटेला नव्याने लागलेल्या माणसाला गाणं आवडायला वेळ लागत नाही. अडतं ते पुढे. आवडलेलं गाणं विकत घ्यायला जावं, तर एकाच नावाखाली दहा-बारा ट्रॅक दिसतात. एक साडेतीन मिनिटांचा, एक अकरा मिनिटांचा, एकावर कुणा डचाचं नाव, एकावर बेल्जियन जोडीचं. मग बहुतेक जण सगळ्यात जास्त ऐकला गेलेला ट्रॅक उचलतात आणि पार्टीत तो वाजवल्यावर फ्लोर रिकामा का झाला, म्हणून चक्रावतात.

घरी मन लावून ऐकणारे आणि नुकताच छोटा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र) घेतलेले होतकरू डीजे, अशा दोघांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं असं की ‘कोणता रिमिक्स चांगला?’ हा प्रश्न अर्धाच आहे. त्याला ‘किती वाजता?’ हे जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ते जोडायला कसं शिकायचं, ते एकच गाणं हाताशी घेऊन पाहू. गाणं आहे डिलेरियमचं ‘सायलेन्स’.

पायरी १: आधी मूळ गाणं ऐका

‘सायलेन्स’ मुळात नाचण्यासाठी केलेलं गाणंच नव्हतं. बिल लीब आणि ऱ्हिस फल्बर हे कॅनडातल्या व्हँकुव्हरचे. ‘फ्रंट लाइन असेम्ब्ली’ या इंडस्ट्रियल बँडमध्ये ते खरखरीत, आक्रमक, यंत्रांच्या आवाजांनी भरलेलं संगीत करायचे. ‘डिलेरियम’ या नावाने मात्र त्यांनी संथ, पसरलेलं, धूसर संगीत केलं. १९९७ साली त्यांचा ‘कर्मा’ हा अल्बम नेटवर्क या कॅनेडियन कंपनीने काढला. त्यात ‘सायलेन्स’ आहे आणि ते गायलं आहे सारा मॅक्लॉक्लन यांनी. त्या तेव्हा कॅनडात स्वतःच्या गाण्यांमुळे चांगल्या नावाजलेल्या होत्या.

मूळ ट्रॅक सलग ऐका. मठातल्या समूहगायनाची आठवण करून देणारे स्वर, सावकाश चालणारा ठेका आणि त्यावर तरंगणारा साराचा आवाज. हा आवाज लांब श्वासाचा आहे, ओळी ताणत नेणारा. ऐकताना एकच गोष्ट टिपा: ठेका काढून टाकला तर या गाण्यात काय उरतं? उत्तर सोपं आहे, आवाज आणि त्याखालचे दोन-तीन कॉर्ड. रिमिक्स करणाऱ्याला मिळालेलं भांडवल ते एवढंच. पुढच्या प्रत्येक रिमिक्समध्ये हे भांडवल कुणी कुठे खर्च केलं, कुणी किती वेळ दडवून ठेवलं, हेच पाहायचं आहे.

१९९९ मध्ये हे सिंगल म्हणून बाजारात आलं आणि हळूहळू रिमिक्सच्या जोरावर क्लबांत पसरलं. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये ते ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं, अल्बम येऊन तीन वर्षं उलटल्यावर. त्यामुळे ‘मूळ ते खरं, रिमिक्स म्हणजे भेसळ’ हा समज इथेच बाजूला ठेवा. अनेक ट्रान्स गाण्यांच्या बाबतीत जगाला पाठ झालेलं रूप दुसऱ्याच कुणाच्या हातचं असतं.

पायरी २: नावाच्या शेपटीत काय लिहिलंय ते वाचा

ही पायरी छोटी आहे, पण इथे चुकलं की पैसे वाया जातात.

रेडिओ एडिट म्हणजे तीन-साडेतीन, फार तर चार मिनिटांचा तुकडा. गाडीत ऐकायला छान, डेकवर, म्हणजे डीजेच्या गाणं वाजवायच्या यंत्रावर, जवळजवळ निरुपयोगी, कारण त्याला सुरुवातीचा आणि शेवटचा नुसत्या ठेक्याचा भाग नसतो आणि मागचं गाणं त्यात मिसळायला जागाच मिळत नाही. एक्स्टेंडेड मिक्स किंवा नुसतं ‘रिमिक्स’ लिहिलेला सात ते अकरा मिनिटांचा ट्रॅक हा डीजेचा माल. डब म्हणजे गाणं बहुतेक काढून, एखाद-दुसरी ओळ ठेवून केलेलं रूप. नवखे याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, पण संध्याकाळी लोक गप्पा मारत असताना हाच उपयोगी पडतो. बूटलेग म्हणजे परवानगी न घेता कुणीतरी केलेला रिमिक्स. रिमास्टर म्हणजे तोच जुना मिक्स, आवाज नव्याने नीट केलेला. त्याला नवा रिमिक्स समजून दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

‘सायलेन्स’च्या बाबतीत पहिल्यांदा तीन रिमिक्स गोळा करा. एक, क्रिस फोर्टियर आणि नील कोलो या अमेरिकी जोडीचा, म्हणजे ‘फेड’चा सँक्चुअरी मिक्स. दोन, योहान गीलन आणि स्वेन मास या बेल्जियन जोडीचा एअरस्केप रिमिक्स. तीन, टिएस्टो या डच डीजेचा ‘इन सर्च ऑफ सनराइज’ रिमिक्स. जमलं तर चौथा, २००४ सालचा, अबव्ह अँड बियाँड या लंडनच्या गटाचा. या चौथ्याचा धागा थेट आपल्याकडे येतो. याच मंडळींचं लेबल अंजुनाबीट्स. ते २००० साली लंडनमध्ये सुरू झालं आणि नाव घेतलं गोव्याच्या हणजुण्याचं, म्हणजे नकाशावरच्या अंजुनाचं.

फाइल घेताना ३२० केबीपीएसची एमपी३ चालेल, वॅव्ह किंवा एआयएफएफ मिळाली तर उत्तम. व्हिडिओच्या साइटवरून उतरवलेली फाइल घरच्या स्पीकरवर ठीक वाटते. मोठ्या सिस्टीमवर तिचा वरचा आवाज पत्र्यासारखा लागतो आणि खालचा बेस विरघळलेला ऐकू येतो.

पायरी ३: कागदावर नकाशा काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खरं शिक्षण इथेच होतं.

ट्रान्समध्ये किक, म्हणजे मोठ्या ढोलासारखा खालचा ठोका, दर ठोक्याला पडते. चार ठोके म्हणजे एक बार. संगीतातले बदल बहुधा आठ, सोळा किंवा बत्तीस बारांच्या हद्दीवर होतात. नवी झांज येते, बेस सुरू होतो, गाणं थांबतं, सगळं या हद्दींवर. १२८ बीपीएमला (बीपीएम म्हणजे दर मिनिटाचे ठोके) बत्तीस बार म्हणजे बरोबर एक मिनिट. १३८ला तेच सुमारे ५६ सेकंद. ट्रान्सचा मोठा भाग १३० ते १४० बीपीएमच्या आसपास असतो, म्हणून ‘साधारण मिनिटभराचा एक खण’ हा अंदाज कायम कामी येतो.

एक आडवी रेघ मारा आणि तिचे मिनिटा-मिनिटाचे खण करा. मग रिमिक्स लावा आणि प्रत्येक खणात फक्त पाच खुणा करा: किक आहे का, बेस आहे का, आवाज आहे का, मुख्य सुरावट आहे का, आणि टाळी-हायहॅट (ड्रमची छोटी झांज) किती दाट आहे. वर्णनं लिहीत बसू नका, नुसत्या बरोबरच्या खुणा पुरे. टिएस्टोचा रिमिक्स अकरा मिनिटांहून मोठा आहे, म्हणजे अकरा-बारा खण होतील.

नकाशा पूर्ण झाला की एक गोष्ट डोळ्यांत भरेल. साराचा आवाज हे गाण्याचं सगळ्यात मौल्यवान अंग, आणि टिएस्टो ते लवकर हाती देत नाही. आधी ठेका, मग बेस, मग दुरून येणारे धूसर स्वर, असा थर रचत जातो. ऐकणाऱ्याला गाणं ओळखू आलेलं असतं, पण मिळालेलं नसतं. मग मधला लांब ब्रेकडाउन येतो, किक थांबते, आणि आतापर्यंत गर्दीत दबलेला आवाज मोकळा समोर उभा राहतो. त्यानंतर किक परतते तेव्हा सुरावट पहिल्यांदा पूर्ण ताकदीने वाजते. अल्बमवर गाणंभर सोबत असलेल्या आवाजाची इथे वाट पाहावी लागते, आणि वाट पाहायला लावल्यामुळेच तो इतका मोठा वाटतो.

आता एअरस्केपचा नकाशा त्याखालीच काढा. हे बेल्जियन फार ताटकळत ठेवत नाहीत. रचना उजळ, चाल सरळ, आणि गाणं लवकर मुद्द्यावर येतं. फेडचा सँक्चुअरी मिक्स तिसऱ्या रेघेवर घ्या. तो प्रोग्रेसिव्ह या हळूहळू उलगडणाऱ्या शैलीकडे झुकलेला आहे. त्यात चढ-उतार कमी आणि खालून सतत ओढणारा प्रवाह जास्त. तीन रेघा एकाखाली एक ठेवल्या की तीन वेगळ्या स्वभावांचे लोक एकाच गाण्याबद्दल बोलताहेत, हे डोळ्यांना दिसतं.

ब्रेकडाउनची लांबी सेकंदांत लिहून ठेवा. हा आकडा पाचव्या पायरीत लागेल.

पायरी ४: फोनवर ऐकू न येणारं अर्धं गाणं शोधा

फोनच्या स्पीकरमधून बेस जवळजवळ येतच नाही. किकचा पोटात जाणवणारा भाग साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, आणि तेवढा खालचा आवाज काढायला त्या चिमुकल्या स्पीकरकडे जागाच नसते. म्हणून फोनवर सगळे रिमिक्स सारखे वाटतात, फरक फक्त सुरावटीचा दिसतो. क्लबमधला फरक मात्र खाली घडत असतो. कानावर पूर्ण बसणारा साधा वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथ टाळा, कारण आवाज किंचित उशिरा येतो आणि पुढे मिक्स करायला बसलात की तीच सवय नडते.

मग फक्त किक आणि बेस यांचं नातं ऐका. युरोपियन ट्रान्समध्ये बेस बहुतेकदा दोन किकांच्या बरोबर मधे पडतो: किक, बेस, किक, बेस. त्यामुळे शरीर आपोआप वर-खाली उसळतं, हात हवेत जातात. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या सायट्रान्सची, म्हणजे ट्रान्सच्या वेगवान ‘सायकेडेलिक’ भावंडाची, सवय असेल तर हे विरळ वाटेल, कारण तिथे दोन किकांमध्ये बेसचे तीन छोटे ठोके पळत असतात आणि नाच जमिनीलगत, पायांत उतरतो. सायट्रान्सच्या गर्दीसमोर ‘सायलेन्स’सारखं गाणं लावलं आणि उत्साह दिसला नाही, तर गाण्याला दोष देऊ नका. त्या शरीरांना वेगळी चाल हवी असते.

आणखी एक आवाज ओळखायला शिका: रुंद, झगमगता, एकाच वेळी अनेक सूर किंचित बेसूर करून एकत्र वाजवल्यासारखा. त्याला सुपरसॉ म्हणतात. रोलंडच्या १९९६ साली आलेल्या जेपी-८००० या सिंथने (इलेक्ट्रॉनिक वाद्याने) तो घरोघरी पोचवला, आणि पुढच्या काही वर्षांतल्या ट्रान्सवर त्याची मोहोर उमटली. हा आवाज जितका मोठा, तितका तो रिमिक्स रात्रीच्या शिखराकडे सरकतो, हा ठोकताळा मला बहुतेक वेळा बरोबर सापडला आहे.

पायरी ५: प्रत्येक रिमिक्सला त्याचा तास द्या

नकाशा झाला, बेस ऐकला. आता प्रत्येक रिमिक्सवर एक वेळ लिहा. शैली वगैरे नंतर, आधी घड्याळातली वेळ.

संध्याकाळची सुरुवात म्हणजे वॉर्म-अप. लोक येताहेत, ओळखीचे चेहरे शोधताहेत, फ्लोरवर दहा माणसं. इथे लांब ब्रेकडाउन हा शत्रू. किक दीड मिनिट गायब झाली की ती दहा माणसं बारकडे निघून जातात. फेडच्या मिक्ससारखा, न थांबता वाहणारा ट्रॅक इथला. तो लक्ष वेधून घेत नाही, पण पाय हलते ठेवतो.

मध्य म्हणजे शिखर. फ्लोर भरलेला, लोक उत्साहात, धीर कमी. इथे एअरस्केप. उजळ, थेट, दोन-तीन मिनिटांत सगळ्यांना गाणं कळलेलं.

आणि मग तो तास, जेव्हा नुसतं नाचायला आलेले निघून गेलेले असतात आणि संगीतासाठी आलेले उरलेले असतात. अकरा मिनिटांचा टिएस्टो या लोकांसाठी. ‘इन सर्च ऑफ सनराइज’ हे त्याच्या १९९९ पासून सुरू झालेल्या मिक्स-अल्बमांच्या मालिकेचं नाव, आणि रिमिक्सने तेच धारण केलं आहे. तास नावातच लिहिलेला आहे. शिखराला हा रिमिक्स चालत नाही असं मुळीच नाही, मोठमोठ्या फ्लोरवर तो शिखरालाच वाजला आहे. पण त्यासाठी वाजवणाऱ्यावर गर्दीचा विश्वास बसलेला लागतो. दीड-दोन मिनिटं किक काढून घेतल्यावरही लोक जागेवर उभे राहतील, इतका विश्वास. नवख्याने तो तासाभरात कमावला असं समजू नये.

नावाने फसायलाही होतं, म्हणून दुसरं उदाहरण. एनर्जी ५२ चं ‘कॅफे देल मार’ १९९३ साली फ्रँकफर्टच्या आय क्यू लेबलवर आलं. करणारे बर्लिनचे किड पॉल आणि हाराल्ड ब्ल्यूखल, म्हणजे कॉस्मिक बेबी. त्या प्रसिद्ध सुरावटीचं मूळ बेल्जियन संगीतकार विम मेर्टेन्स यांच्या १९८३ च्या ‘स्ट्रगल फॉर प्लेझर’मध्ये आहे. आणि नाव आहे स्पेनच्या इबिझा बेटावरच्या सांत आंतोनीतल्या एका बारचं. १९८० साली उघडलेला हा बार सूर्यास्तासाठी ओळखला जातो. तिथे होसे पादिया अनेक वर्षं लाटांच्या संगतीला जाईल असं मंद संगीत लावत. म्हणजे नाव सूर्यास्ताचं. पण १९९७ चा थ्री एन वनचा रिमिक्स ऐका. सुरावट एकेक सूर जोडत चढत जाते आणि शेवटी अख्खी खोली तिच्यात बुडते. तो सूर्यास्ताला लावण्याचा ट्रॅक नाही, भर रात्रीचा आहे. १९९८ मध्ये हे गाणं ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं ते याच रूपाच्या जोरावर. तेव्हा नावावर जाऊ नका, नकाशावर जा.

आता आपल्याकडची गोष्ट. वर सांगितलेली रात्र इबिझाची. पुण्या-मुंबईत बहुतेक क्लब दीडच्या सुमाराला दिवे लावतात आणि लोक अकराच्या आत धड येत नाहीत. म्हणजे वॉर्म-अप, शिखर, उतार हे सगळं अडीच तासांत. उघड्यावरच्या कार्यक्रमांचं तर गणितच वेगळं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, एरवी दहाला आवाज बंद म्हणजे बंद. त्यामुळे गोव्यातला मोठा महोत्सव असो की लोणावळ्याच्या बाजूचा छोटा मेळावा, दुपारी चारला वॉर्म-अप सुरू होतो, डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, आणि ‘पहाटे’चा तो भावुक तास येतो रात्री सव्वानऊला. हे मनात पक्कं ठेवा. परदेशातल्या डीजेच्या सेटमधली वेळ जशीच्या तशी उचलू नका. कार्यक्रमाचा शेवट किती वाजता आहे ते आधी विचारा आणि तिथून उलटं मोजत या. शेवटच्या अर्ध्या तासात टिएस्टो, त्याआधीच्या तासात एअरस्केप, उजेड असेपर्यंत फेड.

पायरी ६: दोन डेकवर जोडून पाहा

यासाठी महागडं काही लागत नाही. मिक्स्क्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला पुरेसं आहे. सराव असा करा की ‘सायलेन्स’चेच दोन रिमिक्स एकमेकांत मिसळायचे, फेडमधून एअरस्केपमध्ये. गाणं तेच असल्यामुळे लक्ष फक्त जोडणीवर राहतं.

वेग जुळवताना अंतर पाहा. १३२ वरून १३८ वर नेणं म्हणजे साडेचार टक्के वाढ. टेक्निक्सच्या जुन्या टर्नटेबलवर पिच फेडर, म्हणजे वेगाची सरकपट्टी, आठ टक्क्यांपर्यंतच जायचा, त्यामुळे हे बसायचं. पण वेगाबरोबर सूरही चढतो. सुमारे सहा टक्क्यांना सूर अर्ध्या स्वराने वर जातो, आणि साराचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटू लागतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर कायम ठेवणारं बटण असतं, ते गाण्याच्या ट्रॅकला जरूर वापरा. तरी तीन टक्क्यांच्या आत राहणं उत्तम. मोठी उडी मारण्यापेक्षा तीन-चार गाण्यांत हळूहळू वेग चढवा.

आता जोडणीचा क्षण. पहिला ट्रॅक शेवटच्या ठेक्याच्या भागात आला आहे. दुसरा हेडफोनच्या एका कानात, पहिल्या ठोक्यावर थांबवलेला. पहिल्या ट्रॅकचा नवा बत्तीस बारांचा खण सुरू होतो, त्याच ठोक्यावर दुसरा सोडा, पण त्याचा बेसचा खटका आधीच डावीकडे शेवटपर्यंत फिरवलेला हवा. आवाजाची पट्टी हळूहळू वर न्या. लोकांना आता फक्त नवी हायहॅट ऐकू येते, काहीतरी बदलतंय एवढंच कळतं. सोळा बार असंच चालू द्या. मग सतराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर एका हाताने जुन्याचा बेस पूर्ण खाली, दुसऱ्या हाताने नव्याचा बेस मधोमध. दोन्ही एकाच ठोक्यावर. जमिनीतून येणारा धक्का बदलतो आणि फ्लोरवर कुणीतरी हटकून मान वर करून पाहतं. दोन ट्रॅकांचे बेस एकत्र सुरू राहिले तर मात्र सगळं गढूळ होतं. नवख्याचा मिक्स कानाला खटकतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

दोन ट्रॅकांतले गायलेले भाग एकमेकांवर येऊ देऊ नका. नकाशातल्या ‘आवाज’ या खुणा इथे कामाला येतात.

गोव्याच्या जुन्या पार्ट्यांचा उल्लेख इथे करावासा वाटतो. उन्हात आणि धुळीत व्हिनाइल टिकत नसे, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात तिथले डीजे कॅसेटवर आणि डॅट या डिजिटल टेपवर वाजवत. टेपवर वेग हवा तसा जुळवता येत नसे. म्हणून गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठेक्याविना तरंगणारे लांब भाग ठेवले जायचे, एक विरत जाताना दुसरं उगवावं म्हणून. ‘सायलेन्स’च्या रिमिक्समधले नुसत्या ठेक्याचे लांब आरंभ आणि त्या काळच्या गोव्यातले ठेक्याविनाचे आरंभ, दोन्हींमागे एकच गरज होती: पुढच्या गाण्याला दार उघडं ठेवणं.

पायरी ७: ब्रेकडाउनमध्ये लॅपटॉपकडे पाहू नका

पहिल्यांदा लोकांसमोर वाजवताना डोळे स्क्रीनवर खिळतात. निदान ब्रेकडाउनमध्ये तरी मान वर करा, कारण त्या वेळी हाताला काम नसतं आणि फ्लोर तुम्हाला सगळं सांगत असतो. किक थांबल्यावर लोक एकमेकांकडे वळून बोलू लागले तर ब्रेक त्यांच्यासाठी लांब आहे, पुढचा ट्रॅक छोट्या ब्रेकचा निवडा. डोळे मिटून उभे राहिले, ओळ ओठांवर आली, तर हा फ्लोर लांब गाण्यांना तयार आहे. फोन वर गेले तर लोक ड्रॉपची, म्हणजे ब्रेकनंतर किक परतण्याच्या क्षणाची, वाट पाहताहेत, त्यांना गाणं माहीत आहे. तेव्हा ड्रॉपवर कसलेही इफेक्ट लावू नका. करणाऱ्याने दोन मिनिटं मेहनत करून तो क्षण बांधला आहे, त्याला त्याचं काम करू द्या.

ब्रेकडाउन मधेच कापून पुढच्या गाण्यावर उडी मारण्याची सवय हल्ली फार वाढली आहे. छोट्या सेटची अडचण मी समजू शकतो. पण ट्रान्समध्ये असं करणं मला मान्य नाही. दहा मिनिटांचा वेळ नसेल तर छोटा रिमिक्स निवडा, एअरस्केप त्यासाठीच आहे. टिएस्टोचा रिमिक्स लावून त्याचं फळ येण्याआधी तो तोडणं म्हणजे गाण्याचाही अपमान आणि वाट पाहणाऱ्यांचाही.

पायरी ८: परवाने आणि कान

सार्वजनिक ठिकाणी ध्वनिमुद्रित संगीत वाजवायला परवाना लागतो. तो घेणं बहुधा जागेच्या मालकाचं किंवा आयोजकाचं काम असतं, पण घेतला आहे ना, हे तुम्ही विचारा. स्वतः केलेला बूटलेग रिमिक्स घरी शिकण्यासाठी ठीक. तो विकायचा किंवा कुठे प्रसिद्ध करायचा असेल तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या हक्कदारांची परवानगी हवी.

कानांचं मात्र सर्वस्वी तुमच्यावर आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही नेहमी सांगितली जाणारी मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. क्लबमध्ये १०० सहज होतात. संगीतासाठीचे इअरप्लग घ्या, त्यांनी आवाज कमी होतो पण गढूळ होत नाही.

पायरी ९: पुढचं गाणं

‘सायलेन्स’वर हात बसला की ‘द एज ऑफ लव्ह’ घ्या. बेल्जियमच्या डिकी लेबलवर १९९० साली आलेलं हे गाणं ट्रान्सच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी एक मानलं जातं. त्याची तीन रूपं मिळवा: मूळ, १९९२ चा जॅम अँड स्पूनचा ‘वॉच आउट फॉर स्टेला’ मिक्स, आणि २०२१ चा शार्लोट डी विटे व एनरिको सांजुलियानो यांचा रिमिक्स. इथे गाणारा आवाज जवळजवळ नाहीच, नुसती कुजबुज आहे, त्यामुळे नकाशात ‘आवाज’ची रेघ रिकामी राहील आणि सुरावटीची रेघ भरून जाईल. २०२१ चा रिमिक्स टेक्नोकडे झुकलेला आहे, त्याचा बेस कोरडा आणि जड आहे. फाइल १९९२ च्या फाइलपेक्षा मोठ्याने वाजेल, तेव्हा मिक्स करण्याआधी जुन्या ट्रॅकचा गेन (आवाजाची मूळ पातळी) वाढवून दोन्ही एका पातळीवर आणा, नाहीतर जुना ट्रॅक उगीचच दुबळा वाटतो. तिन्ही नकाशे काढा, ब्रेकडाउन सेकंदांत मोजा, आणि प्रत्येकावर घड्याळातली वेळ लिहा. मग ज्या जागी वाजवायचं आहे तिथल्या बंद होण्याच्या वेळेशी ती ताडून पाहा.